प्रार्थनेची भाषा : इंग्लंडमधील एका उपासनाग्रंथाची कथा

देवापुढे उभे राहिल्यावर माणसाने कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि गीतेचे तत्त्वज्ञान संस्कृतच्या कोंदणातून निघून देशी भाषेच्या अंगणात आले. त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी इंग्लंडमध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथे पंडितांची भाषा लॅटिन होती आणि लोकांची इंग्रजी. मात्र महाराष्ट्रात देशी भाषेचा कैवार संतांनी घेतला, तर इंग्लंडमध्ये तो राजसत्तेने घेतला. हा फरक दिसायला लहान असला, तरी त्याचे परिणाम फार दूरवर पोचले. ज्या ग्रंथाने इंग्रजीला देवघरात मानाचे स्थान दिले, त्याच ग्रंथाच्या छायेत एक शेजारभाषा सुकली आणि दुसरी एक भाषा तरली. 'बुक ऑफ कॉमन प्रेअर', म्हणजे सामुदायिक प्रार्थनेचा ग्रंथ, याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

आठव्या हेन्री राजाने 1534 मध्ये रोमच्या पोपचे वर्चस्व झुगारून देऊन इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. परंतु उपासनेच्या बाबतीत हा राजा जुन्या वळणाचाच होता. त्याच्या हयातीत मिस्सा लॅटिनमध्येच होत राहिला. 1544 मध्ये लितानी, म्हणजे धर्मगुरूने विनंती उच्चारायची आणि समुदायाने तिला प्रतिसाद द्यायचा अशी प्रार्थना, इंग्रजीत आली, एवढेच. 1547 मध्ये हेन्री मरण पावला आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला. राजसत्ता सुधारणावाद्यांच्या हाती गेली आणि कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांना हवी ती संधी मिळाली. 1549 मध्ये पार्लमेंटने एकरूपतेचा कायदा संमत केला. त्या वर्षीच्या 9 जून रोजी, पेंटेकॉस्टच्या सणापासून, राज्यातील प्रत्येक चर्चमध्ये एकाच ग्रंथातून आणि इंग्रजी भाषेतून उपासना व्हावी, असा हुकूम झाला.

क्रॅन्मर यांचे खरे कौशल्य नवे रचण्यापेक्षा जुने गाळून, निवडून, सोपे करण्यात होते. तोवर इंग्लंडमध्ये सॉल्झबरी, हेरफर्ड, यॉर्क, लिंकन आणि बँगर अशा निरनिराळ्या ठिकाणच्या निरनिराळ्या उपासनापद्धती चालत. कोणत्या दिवशी काय वाचायचे हे ठरविणारे नियम इतके गुंतागुंतीचे होते, की वाचनापेक्षा शोधाशोधीतच अधिक वेळ जाई, अशी तक्रार खुद्द या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदली आहे. मठांमध्ये दिवसरात्रीत आठ वेळा होणाऱ्या प्रार्थनांचे क्रॅन्मर यांनी दोन प्रार्थनांत रूपांतर केले. एक प्रातःप्रार्थना आणि दुसरी सायंप्रार्थना. जी गोष्ट केवळ संन्याशाला साधत होती, ती शेतकऱ्याला आणि कारागिराला साधावी, हा त्यामागील हेतू होता.

या दैनंदिन उपासनेचा साचा आजही फारसा बदललेला नाही. आरंभी पापांची कबुली आणि क्षमेचे आश्वासन, मग प्रभूची प्रार्थना, मग स्तोत्रे, त्यानंतर जुन्या करारातील एक पाठ व नव्या करारातील एक पाठ, आणि त्या पाठांना जोडून गीते. सायंप्रार्थनेत पहिल्या पाठानंतर मरियेचे स्तोत्र आणि दुसऱ्यानंतर वृद्ध शिमोनाचे स्तोत्र येते. शेवटी श्रद्धेची कबुली आणि 'कलेक्ट' नावाच्या लघुप्रार्थना. बायबलमधील 150 स्तोत्रांची महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटणी केलेली आहे. त्यामुळे दर महिन्याला सर्व स्तोत्रांचे एक आवर्तन पुरे होते. पाठांची योजना अशी होती की जुना करार बहुतांशी वर्षातून एकदा आणि नवा करार तीनदा कानांवरून जावा. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांच्या कानांवर बायबलचा फार मोठा भाग दरवर्षी पडू लागला, तोही त्यांना कळणाऱ्या भाषेत. पारायणाची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला या नियमित आवर्तनाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

संगीताच्या बाबतीतही हीच दृष्टी होती. शब्द स्पष्ट कळावेत म्हणून शक्यतो एका अक्षराला एकच सूर असावा, असे क्रॅन्मर यांचे मत होते. जॉन मर्बेक यांनी 1550 मध्ये या धर्तीवर संपूर्ण उपासनेच्या चाली छापून प्रसिद्ध केल्या. पुढे थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड यांच्यासारख्या थोर संगीतकारांनी या साधेपणातून समृद्ध गानपरंपरा निर्माण केली. गायकवृंदाने गायिलेली सायंप्रार्थना हे अँग्लिकन उपासनेचे सर्वांत परिचित रूप ठरले. 1926 मध्ये बीबीसीने वेस्टमिन्स्टर ॲबीतून ती प्रथम ध्वनिक्षेपित केली आणि तो साप्ताहिक कार्यक्रम अद्यापही चालू आहे.

परंतु 1549 च्या त्या जून महिन्यात या ग्रंथाचे सर्वत्र स्वागत झाले नाही. डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावी रविवारी नवी उपासना झाली. दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी आपल्या धर्मगुरूला जुनी वस्त्रे चढवून लॅटिन मिस्सा करावयास भाग पाडले. शेजारच्या कॉर्नवॉलमध्येही लोक उठले होते. दोन्हीकडचे लोक एकत्र आले आणि त्यांनी एक्सेटर शहराला सुमारे पाच आठवडे वेढा घातला. सरकारने त्यांच्यावर जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिक धाडले. ऑगस्टअखेर हे बंड चिरडले गेले, तेव्हा हजारो माणसे प्राणांस मुकली होती. एक्सेटरजवळच्या एका धर्मगुरूला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, उपासनेच्या वस्त्रांसह, फाशी देण्यात आले.

बंडखोरांनी आपल्या मागण्या कलमवार लिहून पाठविल्या होत्या. जुने विधी परत मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांत कॉर्नवॉलच्या लोकांचे एक कलम असे, की आमच्यापैकी काहींना इंग्रजी मुळीच समजत नाही, म्हणून ही नवी इंग्रजी उपासना आम्हांला नको. कॉर्नवॉलच्या पश्चिम भागातील लोकांची भाषा कॉर्निश होती. ती इंग्रजीची बोली नसून वेल्श आणि ब्रेटन यांची सख्खी बहीण. क्रॅन्मर यांनी या कलमाला उत्तर दिले. कॉर्नवॉलमध्ये इंग्रजी न कळणारे असतील, पण लॅटिन कळणारे त्यांच्याहून अधिक आहेत काय, असा त्यांचा प्रश्न होता. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड होता. लॅटिनला लोकभाषा कोणीच म्हणणार नाही. परंतु त्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली. लोकांना कळणाऱ्या भाषेत उपासना व्हावी हे तत्त्व मान्य केले, तर कॉर्निश लोकांसाठी ती कॉर्निशमध्ये व्हावयास हवी होती. लॅटिन सर्वांनाच सारखी परकी होती. इंग्रजी मात्र सत्तेची, बाजाराची आणि शेजाऱ्याची भाषा होती. लॅटिनच्या आसऱ्याने घरात कॉर्निश नांदू शकत होती. इंग्रजी देवळात आली, तेव्हा घरातली भाषा मागे हटू लागली.

कॉर्निशमध्ये प्रार्थनाग्रंथ छापला गेला नाही, बायबलही त्या काळी आले नाही. ज्या धर्मपीठाच्या परिसरात कॉर्निश नाटके रचली गेली असे मानले जाते, ते पेनरिनचे ग्लॅस्नी कॉलेज 1548 मध्येच बंद करण्यात आले होते. भाषा आधीच पश्चिमेकडे सरकत होती. आता तिचा उरलासुरला सार्वजनिक आधारही गेला. 1777 मध्ये माउसहोल गावची मासळी विकणारी डॉली पेंट्रीथ मरण पावली. कॉर्निश मातृभाषा असलेली ती अखेरची व्यक्ती, असे परंपरेने मानले जाते.

आयर्लंडमधील प्रकार याहून विलक्षण होता. त्या देशात छापले गेलेले पहिले पुस्तक म्हणजे 1551 मध्ये डब्लिनला निघालेला हाच प्रार्थनाग्रंथ. आणि तो होता इंग्रजीत. देशातील बहुसंख्य लोक आयरिश बोलत होते. 1560 च्या कायद्याने अडचण ओळखली, पण उपाय सुचविला तो असा, की जेथे धर्मगुरूला इंग्रजी येत नसेल तेथे उपासना लॅटिनमध्ये करावी. लोकभाषेचा पुरस्कार करणाऱ्या चर्चने आयरिशपेक्षा लॅटिन पत्करली. आयरिश भाषेतील प्रार्थनाग्रंथ 1608 मध्ये निघाला, तोवर फार उशीर झाला होता आणि बहुसंख्य आयरिश जनता रोमशीच एकनिष्ठ राहिली.

वेल्समध्ये मात्र गोष्ट निराळी घडली. 1536 च्या कायद्याने वेल्सचे इंग्लंडशी विलीनीकरण झाले आणि न्यायालयांतून व सरकारी पदांवरून वेल्श भाषा हद्दपार झाली. वेल्शचे भवितव्यही कॉर्निशसारखेच होणार, असे दिसत होते. परंतु तेथे विल्यम सॅल्सबरी नावाचे एक विद्वान होते. त्यांनी 1551 मध्ये प्रार्थनाग्रंथातील बायबलच्या पाठांचा वेल्श अनुवाद स्वतःच्या हिमतीवर प्रसिद्ध केला. बिशप रिचर्ड डेव्हिस यांचे साहाय्य त्यांना पुढे लाभले. 1563 मध्ये पार्लमेंटने वेल्श बायबल आणि वेल्श प्रार्थनाग्रंथ तयार करण्याचा कायदा केला. त्या कायद्यात एक मौजेची तरतूद होती. प्रत्येक चर्चमध्ये वेल्श प्रतीशेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता पाहता लोक इंग्रजी शिकतील! राज्यकर्त्यांच्या मनात वेल्श ही केवळ पायरी होती. घडले उलटेच. 1567 मध्ये प्रार्थनाग्रंथ आणि नवा करार वेल्शमध्ये निघाले, 1588 मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले, आणि ज्या भाषेला कचेरीत बंदी होती, ती दर रविवारी प्रत्येक गावच्या चर्चमध्ये अधिकाराने बोलू लागली.

सॅल्सबरी यांचे लेखन पंडिती होते. लॅटिनशी नाते दाखविण्याच्या हौसेने त्यांनी वेल्शचे शुद्धलेखन इतके अवघड केले, की वाचणारे अडखळत. मॉर्गन यांनी ती अढी काढून टाकली आणि तिची जागा प्रमाण, प्रौढ, पण सर्वांना उच्चारता येईल अशा गद्याने घेतली. पुढील सर्व वेल्श लेखनाचा पाया हाच झाला. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या अँग्लिकन धर्मगुरूंनी फिरत्या शाळा काढल्या. एका गावी काही महिने राहून मुलांना दिवसा आणि प्रौढांना रात्री वेल्श वाचावयास शिकवावे, मग शिक्षकाने पुढच्या गावी जावे, अशी ती योजना होती. शिकविण्याची पुस्तके म्हणजे बायबल आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली. 1761 मध्ये जोन्स वारले, तोवर लक्षावधी लोक वाचायला शिकले होते. एकोणिसाव्या शतकात यांपैकी बहुतेकांचे वंशज अँग्लिकन चर्च सोडून इतर पंथांच्या प्रार्थनामंदिरांत गेले. 1920 मध्ये वेल्समधील चर्चचे सरकारी स्थानही संपुष्टात आले. चर्चने माणसे गमावली, परंतु त्याच्या ग्रंथांनी दिलेली भाषा ती माणसे बरोबर घेऊन गेली. 2021 च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते, असे नोंदविले.

या दोन भाषांच्या मधोमध आयल ऑफ मॅन या लहानशा बेटाची कथा येते. तेथील बिशप जॉन फिलिप्स हे मूळचे वेल्समधील. आपल्या देशात काय घडले हे त्यांना ठाऊक होते. 1610 च्या सुमारास त्यांनी प्रार्थनाग्रंथाचे मँक्स भाषेत भाषांतर केले. परंतु ते छापले गेले नाही. हस्तलिखित तसेच पडून राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय म्हणून, छापखान्यात गेले. लोकांच्या हाती मँक्स प्रार्थनाग्रंथ पडला तो दुसऱ्या भाषांतराच्या रूपाने, 1765 मध्ये. मधली दीड शतके वाया गेली होती. मँक्स मातृभाषा असलेले अखेरचे गृहस्थ नेड मॅड्रेल 1974 मध्ये निवर्तले. वेल्सचे आणि मॅनचे काम सारख्याच निष्ठेने झाले होते. परंतु एक ग्रंथ वाचकापर्यंत पोचला, दुसरा कपाटात राहिला.

खुद्द इंग्लंडमध्ये या ग्रंथाचे दिवस सुखाचे गेले नाहीत. 1552 मध्ये त्याची अधिक सुधारणावादी आवृत्ती निघाली. 1553 मध्ये राणी मेरी गादीवर आली आणि लॅटिन मिस्सा परतला. 21 मार्च 1556 रोजी ऑक्सफर्ड येथे क्रॅन्मर यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या उजव्या हाताने त्यांनी भीतीपोटी माघारीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, तो हात त्यांनी प्रथम ज्वाळेत धरला. 1559 मध्ये राणी एलिझाबेथने ग्रंथ पुन्हा आणला. 1645 मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, पार्लमेंटने त्यावर बंदी घातली. आता हाच ग्रंथ छपून वाचणाऱ्यांचा झाला. 1657 च्या नाताळात लंडनमधील एका प्रार्थनागृहात जमलेल्या उपासकांना सैनिकांनी बंदुका रोखून पकडले. जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत तो प्रसंग नोंदलेला आहे. जो ग्रंथ शंभर वर्षांपूर्वी लोकांवर लादला गेला होता, तो तीन पिढ्यांच्या उच्चारणाने लोकांचा स्वतःचा झाला होता. राजसत्ता परतल्यावर 1662 मध्ये त्याची आज प्रचलित असलेली आवृत्ती सिद्ध झाली. त्या वेळीही सक्तीची चूक पुन्हा झालीच. 1660 ते 1662 या काळात सुमारे दोन हजार धर्मगुरूंना आपली पदे गमवावी लागली.

या परंपरेचे धागे मराठी मुलखापर्यंतही आले आहेत. 1718 च्या नाताळात मुंबईत सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी उघडले, ते इंग्रज वसाहतीसाठी. मराठी माणसांशी या उपासनेचा खरा संबंध आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि याच शतकात प्रार्थनाग्रंथ मराठीतही आला. काशीत वाढलेले शास्त्री नीळकंठ गोऱ्हे 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरू बनले. पुण्याचे पंच हौद मिशन मराठी वाचकाला 1890 च्या चहाच्या ग्रामण्यामुळे ठाऊक आहे. तेही याच पंथाचे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन विधीने बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी आपली बुद्धी कोणत्याही पीठाकडे गहाण टाकली नाही. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते खेड्यातील बाईला कळेल अशा भाषेत व्हावे हा आग्रह धरला. 1970 मध्ये नागपूर येथे उत्तर भारतातील अँग्लिकन चर्च इतर काही पंथांसह 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त विलीन झाले.

गोव्याच्या संदर्भात एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. प्रार्थनाग्रंथ लागू झाला त्या 1549 च्या सुमारासच इंग्लंडमध्ये थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. ते कॅथलिक राहिले, जेझुइट झाले आणि 1579 मध्ये गोव्याला पोचले. मायदेशात इंग्रजी उपासनेला ज्यांनी पाठ फिरविली, त्यांनी परदेशात मात्र लोकभाषेचाच मार्ग धरला आणि 1616 मध्ये ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' सिद्ध केले. पंथ परस्परविरोधी असले, तरी लोकांच्या अंतःकरणाची वाट कोणत्या भाषेतून जाते, याविषयी क्रॅन्मर आणि स्टीफन्स यांचा अनुभव एकच होता.

विसाव्या शतकात 1662 च्या ग्रंथावर निराळीच वेळ आली. जो ग्रंथ सर्वांना कळावा म्हणून जन्मला, त्याची भाषा आता जुनी वाटू लागली. 1927 आणि 1928 मध्ये सुधारित आवृत्तीचा प्रस्ताव पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने दोनदा फेटाळला. 1980 मध्ये पर्यायी उपासनाग्रंथ निघाला आणि 2000 मध्ये 'कॉमन वर्शिप' ही आधुनिक इंग्रजीतील मालिका सुरू झाली. जुना ग्रंथ रद्द झालेला नाही. अनेक कॅथीड्रलमध्ये सायंप्रार्थना अजून त्याच शब्दांत गायिली जाते. जुने शब्द राखणारे आणि नवे शब्द मागणारे, दोघेही क्रॅन्मर यांचेच वारसदार आहेत.

कॉर्नवॉलची कथाही डॉली पेंट्रीथपाशी संपली नाही. 1904 मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश भाषेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि जुनी हस्तलिखिते वाचून काही माणसे ती भाषा नव्याने शिकू लागली. 2002 मध्ये ब्रिटिश सरकारने तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. 2007 मध्ये ट्रूरोच्या बिशपांनी 1549 ची ती कत्तल ही घोर चूक होती आणि चर्चला तिची लाज वाटली पाहिजे, असे जाहीरपणे सांगितले. ज्यांना इंग्रजी समजत नाही असे कोणी आता कॉर्नवॉलमध्ये उरलेले नाही. तरीही तेथील काही चर्चमध्ये अधूनमधून थोडी माणसे जमतात आणि पुस्तकातून पाहून, सावकाश, सायंप्रार्थना म्हणतात. क्रम तोच आहे. कबुली, स्तोत्र, पाठ, मरियेचे गीत, शिमोनाचे गीत. भाषा मात्र कॉर्निश आहे.